हाकेची वाट आणि गेटवरची चौकशी

कोल्हापूर शहरातून निघून पुणे-बेंगळुरू महामार्गावर पंचगंगेचा पूल ओलांडला की सांगली फाटा लागतो आणि पुढे शिरोली एमआयडीसी सुरू होते. या वसाहतीची ओळख फाउंड्रीची. शिवाजी उद्यमनगरात रुजलेला कोल्हापूरचा इंजिनिअरिंगचा धंदा इथं महामार्गाच्या कडेला विस्तारला, आणि पंप, इंजिन, ट्रॅक्टर, मोटारी यांना लागणारी कास्टिंग इथल्या भट्ट्यांतून देशभर जाऊ लागली. या कारखान्यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण प्रत्येक कारखान्याच्या आधी तिथं एक बांधकाम झालेलं असतं, आणि ते करणाऱ्या माणसांना ते काम कसं मिळालं हे फारसं कुणी विचारत नाही.

एक साधी शेड उभी राहायची तर खोदाईवाले येतात, मग सळई बांधणारे, सेंट्रिंगवाले, काँक्रीटची तुकडी, फॅब्रिकेशनवाले, पत्रे चढवणारे, गवंडी, फ्लोअरिंगवाले, वायरमन आणि शेवटी रंगारी. प्रत्येक तुकडी आपलं काम संपवून निघून जाते. कुणाचा मुक्काम चार दिवसांचा, कुणाचा दोन महिन्यांचा. कारखान्यातल्या कामगाराने काम चोख केलं तर त्याची नोकरी पक्की होते. बांधकामावरच्या माणसाने काम चोख आणि लवकर केलं तर तो लवकर रिकामा होतो. देशातल्या दर आठ कामकऱ्यांपैकी जवळपास एक जण बांधकामात आहे, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आयुष्यात काम शोधणं हा कामाचाच एक भाग आहे. तो भाग कसा पार पाडायचा, याच्या दोन रीती आहेत.

दोन रीती

पहिली रीत उठून शोधण्याची. सकाळी डबा घेऊन मजूर अड्ड्यावर उभं राहायचं, चालू बांधकामावर जाऊन मिस्त्रीला विचारायचं, कारखान्याच्या गेटवर चौकशी करायची, ठेकेदाराला स्वतः फोन करायचा, सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज टाकायचा. दुसरी रीत हाकेची वाट पाहण्याची. आपलं नाव चार माणसांना माहीत आहे, काम निघालं की मुकादमाचा फोन येईल, या भरवशावर थांबायचं.

हा फरक आकडेवारी गोळा करणाऱ्यांनाही जाणवलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या ठरावानुसार बेरोजगार ठरायला तीन गोष्टी लागतात : हाताला काम नसणं, काम मिळाल्यास करायला मोकळं असणं आणि काम शोधण्यासाठी काहीतरी प्रत्यक्ष पाऊल उचललेलं असणं. अशा पावलांची यादीच तिथं दिली आहे. त्यात नोंदणी कार्यालय आणि अर्ज आहेतच, पण कामाच्या जागी, कारखान्याच्या गेटवर, बाजारात किंवा मजूर जमतात त्या ठिकाणी जाऊन विचारणं, मित्र-नातेवाइकांना मदत मागणं हेही आहे. म्हणजे अड्ड्यावर उभा असलेला बिगारी जगाच्या व्याख्येतही खटपट करणाराच आहे. त्याला रिकामटेकडा समजून पुढे जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

भारताची व्याख्या आणखी सैल आहे. २०१७ पासून होत असलेल्या राष्ट्रीय श्रमबल पाहणीत काम मागायला कुठं न गेलेला, पण चालू मजुरीच्या दराने काम मिळालं तर करायला तयार असलेला माणूसही बेरोजगारांत मोजला जातो. जिथं काम निघाल्याची बातमी माणसांच्या तोंडून फिरते, तिथं घरी थांबलेला प्रत्येक जण आळशी नसतो, ही गोष्ट आपल्या पाहणीने मान्य केलेली आहे.

ठेकेदार ओळखीचा माणूस का घेतो

बांधकामात दुसरी रीत इतकी का चालते, हे कळायला शेडच्या पायाकडे जवळून पाहावं लागतं. फाउंड्रीच्या शेडमध्ये ओव्हरहेड क्रेन चालते. तिचा भार लोखंडी खांबांवर येतो आणि खांब काँक्रीटच्या पायात रोवलेल्या फाउंडेशन बोल्टांवर उभे राहतात. काँक्रीट ओतण्याआधी हे बोल्ट टेम्प्लेटमध्ये अडकवून, दोरी लावून, लेव्हल पाहून जागेवर धरायचे असतात. काँक्रीट पडताना व्हायब्रेटरचा धक्का बसतो आणि बोल्ट काही मिलिमीटर सरकू शकतो. त्या वेळी ज्याचं लक्ष आहे तो गवंडी लगेच पुन्हा माप घेऊन बोल्ट सरळ करतो. ज्याचं नाही, त्याची चूक आठ-दहा दिवसांनी कळते. क्रेनने खांब उचलून धरलेला असतो आणि बेसप्लेटची भोकं बोल्टांवर बसत नाहीत. मग गॅस कटरने भोकं मोठी करा, पाया फोडा, क्रेनचं भाडं भरा.

ही काळजी घेणारा माणूस कोणता, हे कुठल्याही दाखल्यावर लिहिलेलं नसतं. ते सोबत काम केलेल्यालाच माहीत असतं. म्हणून ठेकेदार नव्या कामाच्या वेळी जुन्या मिस्त्रीला फोन लावतो : "काय ओ मिस्त्री, सोमवारपास्नं नागावला काम लागतंय, पाच माणसं हुतील काय?" मिस्त्री आपल्या ओळखीतले पाच जण सांगतो. त्यांतला एखादा कामावर आलाच नाही किंवा त्याने काम बिघडवलं, तर मिस्त्रीचा शब्द खाली पडतो. त्यामुळे तोही निवडूनच नावं देतो. कागदावरची भरतीप्रक्रिया जे तपासू शकत नाही, ते ही साखळी तपासते. ठेकेदाराच्या दृष्टीने हा मार्ग बिनखर्चाचा आणि बऱ्यापैकी भरवशाचा आहे.

हे फक्त गवंड्यांपुरतं खरं नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात शिकलेल्या, कचेरीत काम करणाऱ्या लोकांचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक तर त्या वेळी नोकरी शोधतही नव्हते, ती चालत आली होती. त्याचं सगळ्यांत महत्त्वाचं निरीक्षण वेगळंच होतं. ज्या ओळखीच्या माणसाकडून नोकरीची बातमी मिळाली, तो बहुतेक वेळा जिवलग मित्र किंवा घरचा नव्हता, अधूनमधून भेटणारा परिचित होता. त्याचं कारण सरळ आहे. आपल्या भावाला आणि शेजाऱ्याला जी कामं माहीत असतात ती आपल्यालाही माहीत असतातच. नवी बातमी येते ती आपल्या वर्तुळाबाहेर वावरणाऱ्याकडून.

शिरोलीत याचा अर्थ असा : एकाच गावच्या, एकाच मुकादमाच्या दहा जणांना एकच काम दिसतं. पण त्यांतल्या ज्या गवंड्याने मागच्या साइटवरच्या वायरमनशी, रेडीमिक्सच्या गाडीच्या ड्रायव्हरशी, पत्रेवाल्याशी चार शब्द बोलून नंबर घेतला, त्याला दहा साइटच्या बातम्या मिळतात. रेडीमिक्सची गाडी रोज वेगळ्या बांधकामावर जाते. कुठं पाया भरला आणि आता कुठं वीटकाम लागणार, हे त्या ड्रायव्हरइतकं क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

वाट पाहण्याची किंमत

पण हाकेवर अवलंबून राहण्याची किंमत मोठी असते आणि ती बहुधा सगळ्यांत गरीब माणूस मोजतो. पहिली किंमत मजुरीची. ज्याला एकाच मुकादमाची हाक येते, त्याला बाजारात चालू असलेला दर कळत नाही. पलीकडच्या साइटवर बिगाऱ्याला किती मिळतात हे माहीत नसेल, तर मुकादम म्हणेल तो दर खरा मानावा लागतो.

दुसरी किंमत उचलीची. पावसाळ्यात घेतलेली उचल, मुलीच्या लग्नाला घेतलेली उचल पुढच्या हंगामाच्या कामातून फिटायची असते. तोवर दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असली तरी पाय अडकलेला. उचल देणं-घेणं हा व्यवहार आहे, पण तिच्यापोटी माणसाची दुसरीकडे काम करण्याची मोकळीकच काढून घेतली तर ती वेठबिगारी होते. १९७६ च्या कायद्याने ती गुन्हा ठरवलेली आहे. उत्तर कर्नाटकातून, सोलापूरकडून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराला इथं दुसरी ओळख नसते, म्हणून तो यात लवकर अडकतो.

तिसरी किंमत बायकांच्या वाट्याला येते. बांधकामावर बाई बहुतेक वेळा जोडीतली म्हणून येते. हाक नवऱ्याला येते आणि तिची मजुरी त्या हाकेत धरलेली असते. वर्षानुवर्षं घमेली वाहूनही थापी तिच्या हाती दिली जात नाही, मग गवंडीकामासाठी तिचं नाव कोण सुचवणार? ओळखीवर चालणारी भरती आधीपासून आत असलेल्यांना आत ठेवते आणि बाहेरच्यांना बाहेर. तिचे गुण सांगताना हा दोष झाकता येणार नाही.

उठून शोधण्याची किंमत

मग सगळ्यांनी रोज उठून शोधावं का? त्यालाही पैसे पडतात. अड्ड्यावर उभं राहिलं आणि काम मिळालं नाही, तर त्या दिवसाची मजुरी बुडाली, वर जाण्यायेण्याचा खर्च. शिवाय जसजसं ऊन चढतं तसतसा घासाघिशीत मजुराचा हात खाली जातो, कारण दहानंतर उरलेल्याला मिळेल त्या दराने जावं लागतं. शोधण्याला लागणारा वेळ आणि पैसा बाजार कसा घडवतो, यावरच्या सिद्धांतासाठी पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सेन आणि क्रिस्टोफर पिसारिडिस यांना २०१० चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. काम देणारा आणि काम मागणारा दोघेही बाजारात हजर असताना एकमेकांना सापडत नाहीत, तोवर एकीकडे काम अडलेलं आणि दुसरीकडे माणूस रिकामा, ही स्थिती राहते. अड्ड्यावर सकाळी नऊला ती उघड्या डोळ्यांनी दिसते.

सरकारी नोंदणीचा मार्ग या माणसासाठी आखलेलाच नव्हता. सेवायोजन कार्यालयं १९४५ मध्ये महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी सुरू झाली. १९५९ च्या कायद्याने पंचवीस आणि त्याहून अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक केलं, पण तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काम त्यातून वगळलं. शेडचं बहुतेक काम तीन महिन्यांच्या आतलं. म्हणजे गवंड्याच्या वाट्याचं काम त्या यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. आज राज्याचं महास्वयम पोर्टल आहे, जिल्हा कौशल्य विकास केंद्राचे रोजगार मेळावे होतात. कळंब्याच्या शासकीय आयटीआयतून बाहेर पडलेल्या वेल्डरला किंवा वायरमनला त्यांचा उपयोग होतो. रोजंदारीवरच्या बिगाऱ्यापर्यंत ते अजून नीट पोचलेले नाहीत.

कधी विचारायचं

उठून शोधायचंच तर वेळ पाहून शोधावं, म्हणजे बुडणारे दिवस कमी होतात. शिरोलीच्या परिसराला स्वतःचं एक वेळापत्रक आहे. जूनपासून खोदाई आणि पायाची कामं मंदावतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा साइटवर माल आणि माणूस दोन्ही पोचत नव्हते. पण पूर ओसरला की भिंती, फरशी, वायरिंग, रंग यांची दुरुस्ती एकदम निघते. त्या आठवड्यात घरी थांबून हाकेची वाट पाहणाऱ्यापेक्षा गेटवर जाऊन विचारणाऱ्याला काम आधी मिळतं.

दुसरी संधी दिवाळीची. एरवी भट्टी चालू असताना जिथं हात घालता येत नाही, ती कामं कारखाने सुट्टीत उरकून घेतात : मशीनचा पाया फोडून नवा भरणं, उखडलेलं फ्लोअरिंग, गळके पत्रे. भट्टी पुन्हा पेटायच्या आत ते संपवायचं असतं. त्याची ठरवाठरवी आधीच होते, म्हणून कारखान्याच्या मेंटेनन्सवाल्याला दसऱ्याच्या सुमारासच भेटून ठेवावं. तिसरी संधी छठ आणि होळीच्या मागेपुढे, जेव्हा परराज्यातली माणसं गावी जातात आणि ठेकेदाराच्या तुकड्या अपुऱ्या पडतात. नव्या माणसाला ठेकेदार अशाच वेळी आत घेतो. पहिली हाक एकदा आली की पुढच्या हाकेची सोय त्याच्या कामाने होते.

डिप्लोमावाल्यांची गोष्ट

सुपरवायझर आणि इंजिनिअर यांच्या बाबतीत हे चित्र थोडं बदलतं. कोल्हापूर जिल्ह्याला सिव्हिलच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. १९५२ मध्ये शिक्षणतज्ज्ञ डॉ. जे. पी. नाईक यांच्या पुढाकाराने गारगोटीत मौनी विद्यापीठ उभं राहिलं आणि तिथल्या सिव्हिल अँड रूरल इंजिनिअरिंगच्या संस्थेतून डिप्लोमा घेतलेली मुलं राज्यभर कामाला लागली. त्या काळी सरकारी खात्याची जाहिरात निघायची आणि अर्ज टाकला जायचा. आज खासगी साइटवर अर्जाने दार उघडतं, पण पाच वर्षांनंतरची बढतीची नोकरी बहुधा फोनवर येते. साइटवर आलेला आर्किटेक्ट, बिल तपासणारा इंजिनिअर, माल पुरवणारा डीलर यांच्यापैकी कुणीतरी नाव सुचवतो.

नव्या मुलाकडे ही ओळख नसते, म्हणून त्याने सुरुवातीला दारं ठोठावलीच पाहिजेत. मात्र अर्जात "मेहनती आणि प्रामाणिक" लिहून उपयोग नाही. ऑटो लेव्हल लावता येते का, सळईचं बार बेंडिंग शेड्यूल काढता येतं का, मोजमाप घेऊन बिल तयार करता येतं का, हे विचारलं जातं. स्वतः काढलेलं एक शेड्यूल आणि एका कामाची मोजमापं वहीत नीट ठेवली असतील, तर ती दाखवून मुलाखतीचा निम्मा भाग पार पडतो. आणि हाती नोकरी असलेल्यानेही महिन्यातून एकदा बाजारात काय चाललंय ते पाहावं. पगार थकलेला असताना घाईत धरलेली नोकरी क्वचितच चांगली निघते.

हजेरीचा कागद

दोन्ही रीतींना जोडणारी एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे केलेल्या कामाचा पुरावा. ओळखीवर चालणाऱ्या धंद्यात माणसाचं सगळं कर्तृत्व दुसऱ्याच्या आठवणीत असतं. मुकादम बदलला, ठेकेदार वारला किंवा आपण गाव बदललं, की वीस वर्षांचा मिस्त्री पुन्हा नवखा होतो.

बांधकाम कामगारांसाठीचा कायदा १९९६ मध्ये झाला, महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून राज्याचं इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ शिष्यवृत्ती, बाळंतपण, आजारपण, अपघात यांसाठी मदत देतं. नव्या कामगार संहितांतही उपकर आणि मंडळ ही रचना कायम आहे. एमआयडीसीतल्या माणसांच्या मनात शंका असते की कारखान्याच्या आवारातलं काम यात धरतात का. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये लँको अनपारा प्रकरणात ती मिटवली : कारखाना उभारला जात असताना तिथं राबणारे कामगार हे बांधकाम कामगारच आहेत आणि त्यांना १९९६ चा कायदा लागू होतो, असं न्यायालयाने तेव्हा ठरवलं.

नोंदणीला वय अठरा ते साठ आणि मागच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. गाडी अडते ती या नव्वद दिवसांपाशी. ज्याने वर्षभरात बारा ठेकेदारांकडे काम केलं, त्याला दाखला कोण देणार? म्हणून साइटचं नाव, तारीख, ठेकेदाराचं नाव आणि मजुरी रोज एका वहीत लिहावी, आणि काम संपेल त्याच दिवशी, ठेकेदार समोर असताना, दिवसांचा दाखला मागून घ्यावा. त्याचा उपयोग किती, हे २०२० च्या टाळेबंदीत कळलं. तेव्हा राज्याने नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या खात्यावर दोन हजार रुपये जमा केले. शेजारच्याच खोलीतल्या, तेच काम करणाऱ्या, पण नोंद नसलेल्या माणसाला त्यातलं काही मिळालं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या संहितांत कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे. ती शेडच्या पायापर्यंत पोचली, तर काम आणि कागद यांतलं अंतर बरंच मिटेल.

शोधण्याचं सगळं ओझं मजुराच्या डोक्यावर टाकणंही योग्य नाही. शिरोलीत स्मॅकसारखी उद्योजकांची संघटना आहे. कोणत्या प्लॉटवर बांधकाम सुरू आहे, तिथं कोणती तुकडी लागणार आहे आणि मजुरी काय आहे, एवढी माहिती महामार्गालगत एका फलकावर आणि एका फोन नंबरवर मिळू लागली, तर शेकडो माणसांचे बुडणारे दिवस वाचतील आणि माणसं मिळत नाहीत ही कारखानदारांची तक्रारही कमी होईल. अड्ड्यावर पत्र्याचा आडोसा, पिण्याचं पाणी आणि मंडळाच्या नोंदणीची खिडकी एवढं झालं, तरी पुष्कळ फरक पडेल.

बांधकामावरच्या माणसाने हाकेची वाट पाहण्यात कमीपणा नाही. ती हाक त्याने आपल्या कामाने कमावलेली असते. पण ती एकाच तोंडून येत असेल, तर तो त्या तोंडाचा बांधील होतो. म्हणून चालू कामावर असतानाच दोन नव्या माणसांशी ओळख करावी, दर विचारत राहावा, वहीत हजेरी लिहावी आणि काम संपण्याच्या आठवडाभर आधी पुढच्या कामाची चौकशी सुरू करावी. ज्याच्याकडे तीन ठेकेदारांचे नंबर आणि नव्वद दिवसांचा कागद आहे, तो मजुरी ठरवताना मान वर करून बोलू शकतो.